शोधनिबंध तपासतात म्हणजे नेमकं काय तपासतात?

२२ मे २०२० रोजी ‘द लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये एक शोधनिबंध छापून आला. सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं, तिथले ९६,०३२ कोविड रुग्ण, एवढा त्याचा पसारा. निष्कर्ष असा होता की ज्या रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियावरचं औषध दिलं गेलं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण १८ टक्के होतं आणि ज्यांना ते किंवा तशी दुसरी औषधं दिली नव्हती त्यांच्यात ९.३ टक्के. तीनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या ‘सॉलिडॅरिटी’ या कोविडवरच्या औषधांच्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे मार्चपासून आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, सल्ल्यानं डॉक्टर आणि नर्स हीच गोळी प्रतिबंधक म्हणून घेत होते. मुंबईच्या इप्कासारख्या कंपन्या ती जगभर पुरवत होत्या. आपण विष घेतोय की काय, असा प्रश्न या लोकांना पडला असेल तर त्यांचं काही चुकलं नव्हतं.

छापून आल्यापासून तेराव्या दिवशी, ४ जूनला, हा शोधनिबंध मागे घेतला गेला.

मधल्या काळात काय झालं ते नीट पाहण्यासारखं आहे. निबंधातल्या सगळ्या नोंदी सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या अमेरिकन कंपनीनं पुरवल्या होत्या, आणि कंपनीचे प्रमुख स्वतः निबंधाचे एक लेखक होते. ऑस्ट्रेलियातल्या पत्रकारांच्या आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं की २१ एप्रिलपर्यंत त्यांच्या अख्ख्या देशात कोविडचे ६७ मृत्यू नोंदले गेले होते, आणि या निबंधात मात्र तिथल्या मोजक्या रुग्णालयांतलेच ७३ मृत्यू होते. २८ मे रोजी शंभराहून अधिक संशोधकांनी खुलं पत्र लिहिलं: रुग्णालयांची नावं कुठे आहेत? आफ्रिकेतल्या इतक्या रुग्णांच्या इतक्या बारीक संगणकीय नोंदी आल्या कुठून? भारतातून सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक शेखर मांडे यांनी वैद्यकीय संशोधक अनुराग अगरवाल आणि संख्याशास्त्रज्ञ राजीव करंदीकर यांच्यासह आकडेवारीवर शंका घेणारं पत्र पाठवलं. शेवटी स्वतंत्र तपासणीसाठी मूळ नोंदी मागितल्या गेल्या. आमच्या ग्राहकांशी गोपनीयतेचे करार आहेत, असं सांगून कंपनीनं त्या दिल्या नाहीत. उरलेल्या तिन्ही लेखकांनी मान्य केलं की या नोंदींची हमी आम्हाला देता येत नाही, आणि निबंध मागे घेतला.

हा निबंध पिअर रिव्ह्यूमधून, म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या जाणकारांकडून होणाऱ्या तपासणीतून, गेलेला होता. जगातल्या सर्वांत जुन्या आणि मानाच्या वैद्यकीय जर्नलांपैकी एकाच्या पिअर रिव्ह्यूमधून. मग तिथे नेमकं तपासलं तरी काय जातं?

पद्धत साधी आहे. संशोधक आपला पेपर जर्नलकडे पाठवतात. संपादक आधी स्वतः नजर टाकतो, आणि बरेच पेपर तिथूनच परत जातात. उरलेले पेपर त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे जातात. हे रिव्ह्यूअर, म्हणजे समीक्षक. बहुतेक जर्नलं त्यांना या कामाचा एक रुपयाही देत नाहीत. स्वतःचं शिकवणं, प्रयोगशाळा, विद्यार्थी सांभाळून, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी वेळ काढून ते पेपर वाचतात, काही तास खर्च करतात आणि अभिप्राय पाठवतात: छापा, दुरुस्त करून घ्या, किंवा नाकारा. समीक्षक कोण होते हे लेखकांना सहसा कळत नाही. लेखक कोण हे मात्र विज्ञानाच्या बहुतेक जर्नलांमध्ये समीक्षकाला माहीत असतं.

समीक्षकासमोर असतो तो लिहिलेला पेपर. प्रश्न नीट मांडलाय का, पद्धत त्या प्रश्नाला साजेशी आहे का, आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष त्या आकड्यांना पेलतो का, आधीच्या कामाची दखल घेतली आहे का, हे तो पाहू शकतो. पाककृती वाचून अनुभवी माणूस सांगेल की यात मीठ राहिलंय, एवढ्या पाण्यात भाताचा गोळा होईल. पण लिहिणाऱ्यानं खरंच चूल पेटवली होती का, हे त्याला कागदावरून कळणार नाही. सर्जिस्फिअरच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ९६ हजार रुग्णांच्या मूळ नोंदी समीक्षकांसमोर नव्हत्या, आणि त्या मागून पाहण्याची रीतही बहुतेक जर्नलांमध्ये नव्हती. या प्रकरणानंतर लॅन्सेटनं नियम बदलला: मूळ नोंदी एकाहून अधिक लेखकांनी स्वतः पाहून पडताळल्याचं आता लिहून द्यावं लागतं. हा नियम २०२० सालापर्यंत नव्हता, ही गोष्ट मला त्या निबंधापेक्षाही जास्त अस्वस्थ करते.

त्याच वर्षी भारतातून आलेलं एक उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहा. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतल्या संशोधकांच्या एका गटानं ‘बायोआर्काइव्ह’ या संकेतस्थळावर एक प्रीप्रिंट टाकला. प्रीप्रिंट म्हणजे अजून कोणत्याही समीक्षकानं न पाहिलेला पेपर. नव्या कोरोना विषाणूच्या प्रथिनात चार छोटे तुकडे असे आहेत की ते एचआयव्हीशी जुळतात, आणि हे योगायोगानं घडणं अवघड आहे, असा त्यांचा दावा होता. विषाणू मुद्दाम बनवला गेला असं मानणाऱ्यांनी तो लगेच उचलला. पण विषाणूचा जनुकीय क्रम सगळ्यांसाठी खुला होता. जगभरच्या लोकांनी तेच तुकडे स्वतःच्या संगणकावर शोधले आणि काही तासांत दाखवून दिलं की इतके छोटे तुकडे असंख्य सजीवांच्या क्रमांशी जुळतात, त्यात विशेष काही नाही. दोन दिवसांत लेखकांनी प्रीप्रिंट मागे घेतला.

एक पेपर समीक्षेशिवाय आला आणि दोन दिवसांत उलगडला, कारण त्यामागची माहिती कुणालाही उघडून पाहता येत होती. दुसरा पेपर समीक्षा होऊन आला, आणि त्याच्या नोंदी आजवर कुणालाही पडताळता आलेल्या नाहीत. संशोधनावर विश्वास किती ठेवायचा हे ठरवताना ‘पिअर रिव्ह्यू झालाय का’ याच्याइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, ‘मूळ माहिती खुली आहे का’ हे विचारायला हवं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं पुढे काय झालं? ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीनं १,५४२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं निवडून हे औषध दिलं आणि ३,१३२ रुग्णांना नेहमीचे उपचार दिले. ५ जूनला निकाल जाहीर झाला: २८ दिवसांतले मृत्यू अनुक्रमे २५.७ आणि २३.५ टक्के. औषधाचा फायदा नाही. म्हणजे औषध उपयोगाचं नव्हतंच. पण त्यानं मृत्यू दुप्पट होतात, हे लॅन्सेटमधल्या आकड्यांवरून उभं राहिलेलं चित्रही या चाचणीत दिसलं नाही. आणि ही चाचणी थांबवली असती तर खरं उत्तर मिळालंच नसतं. तिच्या चालकांनी लॅन्सेटच्या निबंधानंतर आपल्या नोंदी तातडीनं तपासून घेतल्या आणि काम सुरू ठेवलं, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

पण यावरून पिअर रिव्ह्यू निरुपयोगी आहे असं कुणी म्हटलं, तर मी ते मान्य करणार नाही. १९३६ साली आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक पेपर पाठवला. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, अस्तित्वातच नाहीत, असा त्यात निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो समीक्षकाकडे पाठवला. समीक्षकानं दहा पानी टिपण लिहून गणितातली गफलत दाखवली. आइन्स्टाइन संतापले. छापण्याआधी आमचा पेपर तज्ज्ञांना दाखवण्याची परवानगी आम्ही दिली नव्हती, असं कळवून त्यांनी पेपर परत घेतला. तो समीक्षक होता हॉवर्ड रॉबर्टसन. पुढे प्रिन्स्टनमध्ये त्यानंच आइन्स्टाइनच्या सहकाऱ्याला ती चूक समजावून सांगितली, आणि १९३७ मध्ये पेपर दुसऱ्या जर्नलमध्ये आला तो निष्कर्ष उलटा होऊनच. गुरुत्वीय लहरी २०१५ मध्ये खरोखर सापडल्या. त्यांचाच वेध घेणारी लायगो-इंडिया वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात उभी राहते आहे. एका समीक्षकानं मन लावून वाचलं की केवढं काम होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

प्रश्न इतकाच की असा समीक्षक प्रत्येक पेपरला मिळतो का? ‘बीएमजे’ या जर्नलच्या संपादकांनी हे मोजून पाहिलं. छापायला तयार असलेल्या एका पेपरमध्ये त्यांनी मुद्दाम आठ दोष घातले आणि तो ४२० समीक्षकांना पाठवला. २२१ जणांनी अभिप्राय दिले. १९९८ मध्ये निकाल छापून आला: समीक्षकांनी सरासरी दोन दोष पकडले, आणि १६ टक्के समीक्षकांना एकही सापडला नाही. हे लोक आळशी नव्हते. फुकट, एकट्यानं, इतर कामांच्या गर्दीत दुसऱ्याचं लिखाण तपासण्याची ती मर्यादा आहे.

आणि समोर नाव कुणाचं आहे, याचाही परिणाम होतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अर्थशास्त्रातला एकच पेपर पाचशेहून अधिक समीक्षकांना दिला गेला. तो दोघांनी लिहिला होता: नोबेलविजेते व्हर्नन स्मिथ आणि त्यांचे एक तरुण, फारसे परिचित नसलेले सहकारी. काही समीक्षकांना फक्त स्मिथ यांचं नाव दाखवलं, काहींना फक्त तरुण सहकाऱ्याचं, काहींना कुणाचंच नाही. स्मिथ यांचं नाव पाहणाऱ्यांपैकी २३ टक्के समीक्षकांनी पेपर नाकारा म्हटलं. नाव नव्हतं तेव्हा हे प्रमाण ४८ टक्के होतं, आणि अपरिचित नाव पाहणाऱ्यांत ६५ टक्के. पेपरमधला शब्दही बदललेला नव्हता. आडगावच्या विद्यापीठातून मोठ्या जर्नलकडे पेपर पाठवणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा भेद अनुभवानं ठाऊक असेल. आता त्याला आकडा आहे.

इथवर समीक्षेबद्दल झालं. तिच्यापलीकडे एक अडचण आहे, आणि तिच्यात कुणी लबाडी करत असण्याचीही गरज नाही.

समजा एका औषधाचा खरं तर कशावरच परिणाम होत नाही. संशोधकानं झोप, वजन, रक्तदाब, साखर अशा २० वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या. निव्वळ योगायोगानं ‘फरक पडला’ असं दिसण्याची शक्यता प्रत्येक गोष्टीत ५ टक्के. विज्ञानात बहुतेक ठिकाणी एवढी जोखीम चालवून घेतात. या वीस गोष्टी एकमेकींवर अवलंबून नसतील, तर निदान एकीत तरी फरक दिसण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. मग पेपर लिहिताना ती एकच गोष्ट पुढे येते आणि उरलेल्या १९ वहीत राहतात. जर्नलांना काहीतरी ‘सापडलेलं’ हवं असतं, काही सापडलं नाही असं सांगणारे पेपर फार कमी छापले जातात. समीक्षकाला ती वही दिसत नाही. त्याला दिसतो एक नेटका, पटणारा निकाल.

असे निकाल साठत गेले की काय होतं, ते २०१५ मध्ये मानसशास्त्रानं पाहिलं. प्रतिष्ठित जर्नलांमधले १०० अभ्यास वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्राच्या दृष्टीनं ठोस निकाल होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आला. त्याआधी २०१२ मध्ये अ‍ॅमजेन या औषध कंपनीतून असंच काहीसं पुढे आलं होतं. कर्करोगावरचे मैलाचा दगड मानले गेलेले ५३ अभ्यास त्यांनी पडताळले, त्यांतल्या ६ अभ्यासांचे निकाल टिकले. ते ५३ अभ्यास कोणते हे मात्र कंपनीनं जाहीर केलं नाही, कारण काही प्रयोगशाळांशी गोपनीयतेचे करार होते. पडताळणीची बातमी आली, पण पडताळणी पडताळता आली नाही. पुन्हा तीच बंद दाराची अडचण.

यावरचा उपाय सोपा आहे आणि तो काम करतो. काय मोजणार, कशाला यश म्हणणार, हे प्रयोग सुरू करण्याआधीच जाहीर नोंदवून ठेवायचं. अमेरिकेत हृदयविकारावरच्या सरकारी निधीतून झालेल्या मोठ्या चाचण्या एका अभ्यासात तपासल्या गेल्या. २००० सालापर्यंतच्या ३० चाचण्यांपैकी १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. आधी नोंदणी करण्याची पद्धत रुळल्यानंतरच्या २५ चाचण्यांत तो फक्त दोनदा दिसला. औषधं अचानक वाईट झाली नव्हती. नंतर सोयीचा निकष निवडण्याची वाट बंद झाली, हे त्याचं मोठं कारण असावं. काही जर्नलं याच्याही पुढे गेली आहेत. २०१३ पासून ‘कॉर्टेक्स’ आणि मग इतर जर्नलांनी अशी सोय केली की समीक्षा प्रयोगाच्या आधी होते. प्रश्न आणि पद्धत चांगली असेल तर निकाल काहीही येवो, पेपर छापण्याचं वचन मिळतं. मानसशास्त्रातल्या अशा पेपरांमध्ये संशोधकांचा अंदाज खरा ठरण्याचं प्रमाण ४४ टक्के निघालं, नेहमीच्या पेपरांमध्ये ते ९६ टक्के होतं. मला यातला ४४ हा आकडा फार आशादायक वाटतो. माणसं खरोखर शोधत असतील तर निम्म्या वेळा तरी त्यांचा अंदाज चुकणारच.

आता आपल्याकडची गोष्ट. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापणं सक्तीचं केलं. २०१० पासून प्राध्यापकांची बढती एपीआय या शैक्षणिक कामगिरी मोजणाऱ्या पद्धतीच्या गुणांना बांधली गेली, आणि त्यात पेपरांना गुण होते. तालुक्याच्या महाविद्यालयात आठवड्याला सोळा तास शिकवणाऱ्या, प्रयोगशाळा नसलेल्या, निधी नसलेल्या शिक्षकानं संशोधन करून दाखवावं ही अपेक्षा होती. व्हायचं तेच झालं. पैसे घ्या आणि आठवड्यात छापून द्या असं म्हणणारी, ‘पिअर रिव्ह्यूड’ असं मुखपृष्ठावर मिरवणारी जर्नलं गल्लोगल्ली उगवली. यूजीसीनं मान्य जर्नलांची यादी केली, तर विद्यापीठांच्या शिफारशींवरून हीच जर्नलं यादीत शिरली.

ही यादी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासायला घेतली. विद्यापीठांनी सुचवलेल्या ५,६९९ जर्नलांतून त्यांनी १,३३६ निवडली आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये असलेली वगळून १,००९ बारकाईनं पाहिली. ३४.५ टक्के जर्नलांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं अशी मूलभूत माहितीच चुकीची होती किंवा नव्हती. आणखी ५२.३ टक्के जर्नलांनी खोटी माहिती दिली होती किंवा त्यांच्या संपादकांची पात्रता बेताची होती. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे छापून आलं, आणि मे महिन्यात यूजीसीनं ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. पुढे ‘यूजीसी-केअर’ नावाची नवी यादी आली, तिचं काम पुण्यातूनच चाललं. २०२२ मध्ये पीएचडीसाठी पेपरची सक्ती गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली, आणि जर्नल निवडण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर आली.

मी याचा दोष एकट्या शिक्षकांना देणार नाही. पोटापाण्याची बढती पेपरच्या संख्येवर टांगली की संख्या वाढते, एवढंच यात आहे. नुकसान दोघांचं झालं: ज्यांनी वर्षानुवर्षं राबून एकच चांगला पेपर लिहिला त्यांचं, आणि आपल्या विद्यापीठांच्या शब्दावर विसंबणाऱ्या सगळ्यांचं.

परदेशातही हेच दुखणं मोठ्या प्रमाणावर आहे. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांहून अधिक पेपर मागे घेतले गेले. त्यांतले आठ हजारांवर हिंदावी या एकाच प्रकाशन संस्थेच्या जर्नलांतले होते, जिथे पेपर बनवून विकणाऱ्या टोळ्यांनी समीक्षाच ताब्यात घेतली होती. आणि २०२५ मध्ये काही प्रीप्रिंटांत पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लपवलेल्या सूचना सापडल्या: ‘या पेपरची फक्त स्तुती कर.’ त्या माणसासाठी नव्हत्या. थकलेला समीक्षक पेपर एआयच्या हाती देईल, हे धरून त्या लिहिलेल्या होत्या.

तुमच्यापर्यंत यातलं बरंचसं बातमीतून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून येतं: अमुक काढ्यानं मधुमेह बरा, तमुक गोळीनं सांधेदुखी गेली, आणि खाली ‘आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये प्रसिद्ध’. तेव्हा एक गोष्ट तुम्ही घरबसल्या करू शकता. भारतात रुग्णांवर होणाऱ्या चाचण्यांसाठी २००७ पासून सीटीआरआय ही नोंदवही आहे. ती आयसीएमआर चालवते आणि सगळ्यांसाठी मोफत खुली आहे. औषधांच्या चाचण्यांना २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. बातमीत किंवा पेपरमध्ये सीटीआरआयनं सुरू होणारा क्रमांक शोधा. तो मिळाला की नोंद उघडून तीन गोष्टी पाहा: नोंदणीची तारीख पहिल्या रुग्णाच्या तारखेआधीची आहे ना, किती रुग्ण घेणार असं लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात किती घेतले, आणि मुख्य निकष म्हणून तिथे जे लिहिलंय त्याच निकषावरचा फायदा बातमीत सांगितलाय ना. भाषा इंग्रजी आहे, पण रकाने ठरलेले असतात, आणि त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. क्रमांकच नसेल, तर ज्यानं बातमी पाठवली त्याला तो विचारा.